लिस्ट (पायथन)

लिस्ट म्हणजे पायथन या संगणकीय भाषेत अनेक नोंदी क्रमाने एकत्र ठेवण्याची अंगभूत सोय. पायथनची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली. आज प्रोग्रामिंग शिकण्याची सुरुवात पुष्कळदा याच भाषेपासून होते. लिस्टमधल्या नोंदी चौकोनी कंसात, मध्ये स्वल्पविराम देऊन लिहितात. नागपूर मेट्रोच्या ऑरेंज मार्गावर सीताबर्डी सोडल्यावर ऑटोमोटिव्ह चौकाकडे जाताना लागणारी चार स्थानके अशी मांडता येतील:

स्थानके = ["झिरो माईल", "कस्तुरचंद पार्क", "गड्डीगोदाम", "कडबी चौक"]

पायथन ३ ला देवनागरी नावे चालतात, त्यामुळे ही ओळ जशीच्या तशी चालते. कोडमधले आकडे मात्र इंग्रजी अंकांतच द्यावे लागतात.

नवशिक्यांना पहिली अडचण येते ती इंडेक्सची, म्हणजे नोंदीची जागा सांगणाऱ्या आकड्याची. तो १ पासून नव्हे, ० पासून सुरू होतो, कारण इंडेक्स म्हणजे नोंदीचा नंबर नसून सुरुवातीपासूनचे अंतर आहे. ब्रिटिशकाळी जिथून अंतरे मोजली, त्या झिरो माईलच्या खांबापाशी उभे राहिले की अंतर शून्यच भरते, तसेच हे. म्हणून कडबी चौकाचा इंडेक्स ३. ४ हा इंडेक्स मागितला तर ‘इंडेक्सएरर’ ही चूक येते. उणे १ दिले की शेवटची नोंद मिळते. १ ते ३ असा तुकडा (स्लाइस) काढला तर कस्तुरचंद पार्क आणि गड्डीगोदाम एवढेच हाती येतात. शेवटची हद्द धरली जात नाही.

‘अपेंड’ने शेवटी भर पडते, ‘इन्सर्ट’ने हव्या त्या जागी. सीताबर्डी अगदी पुढे घातली तर बाकी सगळ्या नोंदी एकेक घर मागे सरकतात, म्हणून लांबलचक लिस्टमध्ये हे काम वेळखाऊ ठरते. ‘रिमूव्ह’ नाव सांगून काढते, ‘पॉप’ काढलेली नोंद परत हातात देते.

खरा घोटाळा होतो तो नक्कल करताना, आणि तो पहिल्याच आठवड्यात शिकवायला हवा. परतीच्या प्रवासासाठी ‘परतीची = स्थानके’ असे लिहून ‘परतीची’वर ‘रिव्हर्स’ चालवले, तर जाण्याची लिस्टही उलटी होते. बरोबरीच्या चिन्हाने दुसरी लिस्ट तयार होत नाही. त्याच लिस्टला आणखी एक नाव मिळते. वेगळी प्रत हवी तर आधी ‘कॉपी’ वापरावे. शिवाय ‘रिव्हर्स’ आणि (नोंदी क्रमवार लावणारे) ‘सॉर्ट’ जागच्या जागी बदल करतात आणि परत देतात ‘नन’, म्हणजे ‘काहीच नाही’. त्यामुळे त्यांचे उत्तर नव्या नावात साठवले की हाती काहीच राहत नाही. मूळ क्रम राखून क्रमवार लिस्ट हवी असेल तर ‘सॉर्टेड’ आहे.

मराठी शब्द लावताना आणखी एक काळजी घ्यावी. ‘सॉर्ट’ युनिकोडचा, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेल्या क्रमांकांचा, क्रम पाळते, आणि तिथे ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे येतो. परिणामी ‘काळा’ आधी आणि ‘कावळा’ नंतर लागतो. मराठी शब्दकोशात क्रम नेमका उलटा असतो. शब्दकोशाचा क्रम हवा असेल तर ‘की’ (क्रम लावण्याचा निकष) म्हणून आपल्या वर्णमालेचा क्रम स्वतः पुरवावा लागतो.