तपासातील तंत्रज्ञान आणि संमतीचा प्रश्न

चौकांतील कॅमेरे आणि चेहरा ओळखणारी यंत्रणा यांविषयी पुण्यात होणारी चर्चा बहुधा फेब्रुवारी २०१० च्या कोरेगाव पार्कमधील स्फोटापासून सुरू होते. त्याआधी, जून २००८ मध्ये, याच शहरातील सत्र न्यायालयाने दिलेला एक निकाल मात्र तिच्यातून निसटतो. वास्तविक खरा पेच तिथेच उभा राहिला होता.

त्या खून खटल्यात आरोपी तरुणीला जन्मठेप झाली आणि निकालात ब्रेन मॅपिंग चाचणीचाही आधार घेतला गेला. या चाचणीत डोक्याला इलेक्ट्रोड लावून घटनेविषयीची प्रथमपुरुषी वाक्ये ऐकवली जातात. संशयिताने तोंड उघडण्याची गरज नसते, मेंदूतील विद्युत आलेखावरूनच त्याने ती घटना अनुभवली की नाही हे ठरवले जाते. त्याच वर्षी केंद्राने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने ही पद्धत अशास्त्रीय ठरवली. आरोपीने चाचणीला होकार दिला होता, हा मुद्दा अभियोग पक्षाच्या सोयीचा होता. परंतु नकार दिल्यास संशय अधिक गडद होईल अशा अवस्थेतला होकार कितपत मोकळा मानायचा, याला तेव्हा फारसे महत्त्व दिले गेले नाही.

५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने नार्को (गुंगीचे औषध देऊन चौकशी), पॉलिग्राफ (खोटे पकडण्यासाठीची चाचणी) आणि ब्रेन मॅपिंग या चाचण्या सक्तीने करणे घटनाबाह्य ठरवले. स्वेच्छेच्या चाचणीसाठी वकिलाचा सल्ला आणि दंडाधिकाऱ्यासमोर नोंदवलेली संमती या अटी घातल्या. चाचणीचा निष्कर्ष हा स्वतः पुरावा नव्हे, मात्र तिच्यातून पुढे जे हाती लागेल ते ग्राह्य धरता येईल, असेही म्हटले. या शेवटच्या सवलतीमुळे तपास यंत्रणांचा या चाचण्यांतील रस टिकून राहिला, असे म्हणावे लागते.

कॅमेऱ्यांच्या बाबतीत संमतीचा प्रश्नच कोणी विचारला नाही. २०१० च्या स्फोटात १७ जणांचा बळी गेला होता, ऑगस्ट २०१२ मध्ये जंगली महाराज रस्त्यावर साखळी स्फोट झाले, आणि त्यानंतर शहरात हजाराहून अधिक कॅमेरे बसले. लोकांनी त्यांचे स्वागतच केले, हे नाकारता येत नाही. खासगीपणावर मर्यादा घालायची तर कायदा, वैध हेतू आणि प्रमाणबद्धता, म्हणजे हेतूला आवश्यक तेवढीच मर्यादा, हवी, असे ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने सांगितले, तोवर खांब उभे राहून गेले होते. २०२३ च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्यानेही सार्वजनिक सुव्यवस्थेसारख्या कारणांसाठी शासकीय यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार केंद्राकडे ठेवला.

दरम्यान २०२२ मध्ये १९२० चा कैदी ओळख कायदा रद्द होऊन नवा कायदा आला. त्यात बोटांच्या ठशांबरोबर बुबुळ व डोळ्याच्या पडद्याचे स्कॅन आणि जैविक नमुने आले, आणि नोंदी ७५ वर्षे जपण्याची तरतूद झाली. सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात अटक झालेल्यांना, स्त्रिया व बालकांविरुद्धचे गुन्हे वगळता, जैविक नमुना नाकारता येतो. एरवी मोजमापास, म्हणजे असे ठसे, स्कॅन वा नमुने देण्यास, विरोध करणे हाच स्वतंत्र गुन्हा ठरतो.