डेन्मार्कमधील ज्यूंची सुटका (ऑक्टोबर १९४३)

दुसऱ्या महायुद्धात जर्मनव्याप्त डेन्मार्कमधून सुमारे ७,२०० ज्यू आणि त्यांचे जवळपास ७०० ज्यू नसलेले नातलग एरेसुंड सामुद्रधुनी ओलांडून तटस्थ स्वीडनला पोहोचले. बहुतेकांना कोळी, डॉक्टर, परिचारिका, टॅक्सीचालक आणि खानावळवाले अशा सामान्य माणसांनी नेले.

२९ ऑगस्ट १९४३ रोजी डॅनिश सरकार दूर होताच ज्यूंचे संरक्षण संपले. ८ सप्टेंबरला जर्मन प्रतिनिधी वेर्नर बेस्ट यांनी हद्दपारीविषयी बर्लिनला तार केली. २८ सप्टेंबरला जर्मन वकिलातीतील गेओर्ग डुकव्हित्स यांनी धरपकडीची बातमी सोशल डेमोक्रॅट नेत्यांना दिली. दुसऱ्या सकाळी रब्बी (ज्यू धर्मगुरू) मार्कुस मेल्चिओर यांनी कोपनहेगनच्या सिनेगॉगमध्ये (ज्यू प्रार्थनास्थळात) जमलेल्यांना घरे सोडायला सांगितले. १ ऑक्टोबरच्या रात्री छापे पडले, तेव्हा बहुतेक घरे रिकामी होती.

बेस्ट यांच्या हेतूंविषयी मतभेद आहेत. तार त्यांचीच, पण डुकव्हित्सना कल्पना देणारेही तेच. छाप्यांत बंद दारे फोडू नयेत असा आदेशही होता. काही अभ्यासक यात मानवता पाहतात. डॅनिश सहकार्य टिकावे म्हणून त्यांना ज्यू कसेही देशाबाहेर जायला हवे होते, हे दुसरे मत कागदपत्रांशी अधिक जुळते. पुढे देश ज्यूमुक्त झाल्याचे त्यांनी बर्लिनला कळवले. समुद्रावरची जर्मन गस्तही ढिली होती. तरीही पकडला गेलेला नावाडी होडी व स्वातंत्र्य दोन्ही गमावू शकत होता, हे विसरता येत नाही.

लपवण्याचे काम शहरात सुरू होई. कोपनहेगनच्या बिस्पेब्येर्ग रुग्णालयात माणसांना खोट्या नावांनी रुग्ण म्हणून ठेवत, परिचारिकांच्या खोल्यांतही लपवत. तेथून रुग्णवाहिका व टॅक्सीने किनाऱ्याकडे पाठवत. डेन्मार्कचे हेल्सिंगअर ते स्वीडनचे हेल्सिंगबोर्य हे अंतर जेमतेम ४ किमी, पण तेथे पहारा असल्याने गिलेलाय, स्नेकरस्टेन, ड्रागर अशा गावांतूनही नावा सुटत. माणसे मासळीच्या खणात, जाळ्यांखाली बसत. मुले रडू नयेत म्हणून डॉक्टर झोपेचे इंजेक्शन देत. मात्रा नेमकी हवी: कमी पडली तर मूल वाटेत जागे होई, जास्त झाली तर श्वास मंदावण्याची भीती.

भाडे माणशी सरासरी १,००० क्रोनरच्या आसपास होते. आरंभी घबराटीत ते याहून बरेच वाढले. पैसे नसणाऱ्यांसाठी निधी जमवला गेला. या भाड्यावरून नंतर टीका झाली; काहींनी अवाजवी घेतले हे खरे, पण नावेचे मोल व जोखीम पाहता सरसकट नफेखोरी म्हणणे योग्य नाही.

एकाच जागी फार माणसे जमली की घात होई. ६ ऑक्टोबरच्या रात्री गिलेलायच्या चर्चच्या माळ्यावर सुमारे ८० जण सापडले. स्नेकरस्टेनच्या खानावळीचे मालक हेन्री टॉमसेन यांना पुढे अटक झाली. १९४४ मध्ये ते नॉयनगामे छळछावणीत मरण पावले. काही जण समुद्रातच बुडाले.

पकडलेले सुमारे ४७० जण टेरेझीनच्या नाझी छावणीत नेले गेले. त्यांपैकी पन्नासेक तेथे मरण पावले. उरलेल्यांना एप्रिल १९४५ मध्ये स्वीडिश रेडक्रॉसच्या ‘पांढऱ्या बस’ घेऊन आल्या. राजा दहावा क्रिस्टियान यांनी नाझींनी ज्यूंवर सक्तीने लादलेली पिवळी चांदणी लावल्याची गोष्ट निराधार आहे. डॅनिश ज्यूंवर ती कधी लादलीच गेली नव्हती. ज्यूंना वाचवणाऱ्या इतरधर्मीयांना दिला जाणारा ‘राष्ट्रांमधील नीतिमान’ हा मान डॅनिश प्रतिकार चळवळीच्या विनंतीवरून याद वाशेम या इस्रायलमधील होलोकॉस्ट स्मारकात सामूहिक नोंदवला आहे. डुकव्हित्सना तो स्वतंत्रपणे १९७१ मध्ये मिळाला.