भांगबियांचं तेल म्हणजे गांजाचं औषध नाही भो
कापूस वेचून वेचून गुडघे गेलेल्या आमच्या जळगावकडच्या मावश्यांना कोणीतरी सांगतंच, भांगेच्या बियांचं तेल चोळा, परदेशात डॉक्टर दुखण्यावर गांजा देतात ना, तेच हे. तेच नाही ना भो! ज्यावर सगळी चर्चा चालते ती गांजातली द्रव्यं, नशा आणणारं टीएचसी आणि नशा न आणणारं सीबीडी, फुलोऱ्यात असतात, बियांत जवळपास नसतातच, नुसत्या बिया १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यानंही गांजात धरलेल्या नाहीत आणि २०२१ ला एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेनं हे तेल खायलाच परवानगी दिली. चोळून बरं वाटतं ते चोळण्यामुळं, शेंगदाण्याचं तेल घेतलं तरी वाटेल (आणि स्वस्त पडेल). बरं, खऱ्या गांजावरही एकमत कुठंय, २०१७ ला अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीज या वैज्ञानिक संस्थेनं जुनाट दुखण्यावर भक्कम पुरावा आहे म्हटलं, २०२१ ला आयएएसपी या दुखण्यावर संशोधन करणाऱ्यांच्या जागतिक संघटनेनं पुरावा अपुरा म्हणून पाठिंबा दिला नाही.