बोर्डवरचा योग की पूलमधला? गुडघे दुखणाऱ्याने आधी हे वाचावं

गुडघे कुरकुरतायत, डॉक्टरांनी 'पाण्यात व्यायाम करा' असं सांगितलंय आणि गोव्याची सुट्टी ठरलेलीच आहे. मग तिथे पॅडलबोर्डवरचा, म्हणजे उभं राहून वल्हवायच्या लांब तरंगत्या फळीवरचा योग करून टाकू, असा हिशेब बरेच जण मांडतात. हिशेब चुकतो. डॉक्टर सांगतात ते पाण्यात उतरून करायचं काम आहे. पॅडलबोर्डवरची आसनं पाण्यावर होतात, आणि त्यात गुडघ्यांची सुटका नाही.

पूलमध्ये कमरेपर्यंत पाण्यात उभे राहिलात की पायांवरचा भार साधारण निम्मा होतो. छातीपर्यंत गेलात तर तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येतो, मानेपर्यंत गेलात तर जेमतेम दहावा हिस्सा उरतो. शरीराच्या ठेवणीप्रमाणे थोडं इकडेतिकडे होतं, पण अंदाज हाच. बोर्डवर मात्र ७५ किलोचा माणूस ७५ किलोचाच राहतो. पाणी तोलून धरतं ते बोर्डला. तुमचे गुडघे तुमचं सगळं वजन पेलतात, आणि त्यात भर म्हणून पायांखाली डुलणारी फळी. चालत्या लोकलमध्ये काहीही न धरता उभं राहिल्यावर घोट्यांचं जे चाललेलं असतं, तेच इथे तासभर चालतं. पोटाचे आणि मांडीचे स्नायूही त्यात ओढले जातात. व्यायाम म्हणून हे उत्तमच, फक्त दुखऱ्या सांध्याला आराम म्हणून नाही.

पॅडलबोर्डिंग आलं हवाईतून. २००० सालाच्या सुमाराला तिथल्या सर्फिंगवाल्यांनी ते पुन्हा चालतं केलं आणि पुढच्या काही वर्षांत कुणीतरी त्यावर आसनं सुरू केली. योगासाठी साधारण १० ते ११ फूट लांब आणि ३२ ते ३६ इंच रुंद बोर्ड घेतात. शर्यतीचा अरुंद बोर्ड इथे कामाचा नाही. हवा भरायचा बोर्ड नवख्याला बरा, कारण पडताना कोपर किंवा हनुवटी आपटली तरी कमी लागतं. पण हवा नीट भरलेली हवी, १२ ते १५ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक). कमी भरली की बोर्ड मधोमध वाकतो आणि मग तोल तुमचा जातो की त्याचा, हेच कळत नाही.

बोर्ड मांडीभर पाण्यात न्यायचा. त्याहून उथळ पाण्यात त्याच्या पोटाखालचा फिन, म्हणजे माशाच्या परासारखं पातं, वाळूत रुततं. मधोमध उचलायची मूठ असते, तिथेच बोर्डचा तोल असतो. एक गुडघा मुठीच्या एका बाजूला, मग दुसरा दुसऱ्या बाजूला. वल्हं पुढच्या इलॅस्टिकच्या दोऱ्यांखाली सरकवून ठेवायचं. सुरुवात बसूनच: श्वास, मग मार्जारासन, बालासन. अधोमुख श्वानासनात हात आणि पाय घरच्यापेक्षा जास्त फाकवायचे. उभं राहायची घाई नको. राहिलातच तर ताडासनात पाय मुठीच्या दोन्ही बाजूंना ठेवायचे आणि नजर किनाऱ्यावरच्या एखाद्या माडावर. पाण्याकडे बघितलंत की संपलं. वीरभद्रासनात जमिनीवर टाकता त्यापेक्षा पाऊल आखूड टाकायचं, दोन्ही पावलं बोर्डच्या मधल्या रेषेजवळ. वृक्षासनाचा फोटो सगळ्यांना हवा असतो. माझ्या मते पहिल्या दिवशी त्या वाटेला जाऊच नये. पडणार हे धरून चाला. पडताना बोर्डपासून बाजूला, अंग पसरून पडायचं. सूर मारायचा नाही, खाली पाणी किती आहे कुणास ठाऊक. आणि सनस्क्रीन तळव्यांना लावू नका. मग बोर्डवर पाय ठरत नाही.

पूलमधल्या योगाला एवढी उस्तवार लागत नाही. छातीभर पाणी, धरायला कठडा, आधाराला फोमची नळी. इथे वृक्षासन खरोखर सोपं जातं, कारण कललात तर पाणीच तुम्हाला हळूहळू पडू देतं आणि सावरायला वेळ मिळतो. त्रिकोणासनात हात फिरवताना पाण्याचा विरोध जाणवतो, म्हणून सगळं संथ होतं. श्वासाचा अनुभव निराळा: पाणी छातीवर चहूबाजूंनी दाबतं, त्यामुळे श्वास घ्यायला किंचित जास्त जोर लागतो. दमा किंवा हृदयाचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. दुसरी अडचण थंडीची. पाणी हवेपेक्षा कितीतरी वेगाने अंगातली उष्णता ओढतं आणि संथ हालचालींनी अंग तापत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे उघड्या तलावात अर्ध्या तासात दात वाजायला लागतात. पूलमध्ये आडवी आसनं फारशी होत नाहीत, फार तर फोमच्या नळीवर तरंगून. शवासनाला बोर्डच बरा, हात पाण्यात सोडून. तिथे मात्र बोर्डला तोड नाही.

खरा फरक सुरक्षिततेत आहे. पूल जागचा हलत नाही, बोर्ड हलतो. कोकण किनाऱ्यावर पहाटे पाणी शांत असतं म्हणून क्लास तेव्हाच ठेवतात, पण त्याच वेळी शाळेत शिकलेले मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतात. डोळे मिटून दहा मिनिटं बसलात तर किनारा लांब गेलेला असतो. उन्हं चढली की खारे वारे उलटे सुटतात आणि पाणी खवळायला लागतं. म्हणून बोर्डला छोटा नांगर हवाच. खाडीत वाऱ्याखेरीज ओहोटीही ओढते. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे ओहोटीचं पाणी संगमाकडेच धावतं. अशा जागी भरतीची वेळ बघितल्याशिवाय बोर्ड सोडू नये. घोट्याला बांधायची लीश, म्हणजे तुम्हाला बोर्डशी जोडणारी दोरी, समुद्रात आणि तलावात ठीक, पण वाहत्या नदीत ती झाडाझुडपात अडकली तर वाकून सोडवता येत नाही. तिथे झटक्यात सुटणारी, कमरेची लीश लागते.

पोहता येत नसेल तर पूलमधला योग चालतो, बोर्ड नाही. लाइफ जॅकेट हवंच, पण पाण्यात पडल्यावर पुन्हा बोर्डवर चढायला पाण्याची सवय लागते. गरोदरपणात बोर्ड टाळा. पूलसाठी डॉक्टरांना विचारा. फिटचा त्रास असेल तर दोन्हींसाठी आधी डॉक्टरांना विचारा. सतरंजीवर सूर्यनमस्कार धड होत नसतील तर बोर्डचे पैसे वाचवा आणि काही महिने घरीच करा.

२१ जूनला पेपरात फोटो येतात, पाण्यावर पद्मासन घालून तरंगणाऱ्या आजोबांचे, ते या दोन्हींपेक्षा वेगळं. तिथे ना बोर्ड असतो ना पायाखाली तळ. ती वर्षानुवर्षांच्या पोहण्याची कमाई असते, एका वर्गात शिकवता येणारी गोष्ट नव्हे.

बोर्डचं बुकिंग करणार असाल तर फोनवर तीन गोष्टी विचारा: वर्ग किती वाजता, एका शिक्षकामागे किती बोर्ड, आणि नांगर आहे का. तिसऱ्याला 'त्याची गरज नाही पडत' असं उत्तर आलं तर फोन ठेवा आणि दुसरीकडे लावा.