बुद्धीची स्खलनशीलता (ख्रिस्ती धर्मविचार)

माणसाची बुद्धी अपुरी तर आहेच, पण पापाने मलिनही झाली आहे, म्हणून ती चुकते, असा ख्रिस्ती धर्मविचारातील एक सिद्धान्त. बायबलातील नीतिसूत्रे या ग्रंथाचा तिसरा अध्याय तो थोडक्यात सांगतो: परमेश्वरावर भाव ठेव, आपल्याच बुद्धीवर विसंबू नको. मराठी बायबलातले हे ‘भाव ठेवणे’ इंदूरच्या मराठी घरांत अभंगांमुळे आधीपासूनच ओळखीचे.

बुद्धी किती बिघडली, यावर मात्र एकमत नाही. मध्ययुगीन कॅथलिक धर्मपंडित थॉमस अक्वायनसच्या (१२२५–१२७४) मते ईश्वर आहे एवढे बुद्धीला कळू शकते. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे कळायला मात्र प्रकटीकरणच हवे, म्हणजे ईश्वरानेच ते उघड करायला हवे. कॅथलिक चर्चच्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेनेही १८७० मध्ये बुद्धीची ही पात्रता मान्य केली. प्रोटेस्टंट धर्मसुधारक काल्व्हिन (१५०९–१५६४) अधिक कठोर. ईश्वराची जाणीव प्रत्येकात असते, पण माणूस तिच्यातून मूर्तीच घडवत बसतो, असे तो म्हणतो.

होळकरांच्या इंदुरात १८८७ साली ख्रिश्चन कॉलेज काढणारे कॅनेडियन मिशनरी काल्व्हिनच्याच विचारांवर उभ्या असलेल्या प्रेस्बिटेरियन परंपरेतले. बुद्धी पतित मानायची आणि कॉलेजही काढायचे, हे विसंगत वाटेल. तसे ते नाही. काल्व्हिन ऐहिक विद्यांना देवाची देणगी मानतो. त्याच्या लेखी बुद्धी आंधळी ठरते ती तारणाच्या, म्हणजे पापातून सुटकेच्या बाबतीत. शिवाय या परंपरेचे वेस्टमिन्स्टर विश्वासपत्र (१६४६), म्हणजे तिच्या श्रद्धेचे अधिकृत निवेदन, चर्चच्या परिषदाही चुकू शकतात, पुष्कळ चुकल्याही आहेत, असे स्वच्छ सांगते. म्हणजे हा सिद्धान्त परक्यांपुरता नाही, श्रद्धावंताच्या स्वतःच्या निष्कर्षांनाही तो लागू पडतो. वादाच्या भरात नेमके हेच विसरले जाते.

नीळकंठशास्त्री गोरे (१८२५–१८९५) यांच्या आयुष्यात हा पेच दोन्ही बाजूंनी दिसतो. झाशीजवळ जन्मलेले, काशीत वाढलेले हे चित्पावन पंडित. ख्रिस्ती मताची बाजू मांडणाऱ्या जॉन म्यूरच्या ‘मतपरीक्षा’ या संस्कृत ग्रंथाचे खंडन त्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णया’त केले. त्यात त्यांचा मुद्दा असा की शास्त्राच्या बाबतीत आधी श्रद्धा हवी, तर्काने शास्त्राची परीक्षा करू नये. ब्रह्मसूत्रांतले ‘तर्काप्रतिष्ठानात्’ (तर्काला स्थैर्य नसल्यामुळे) याच वळणाचे. म्हणजे बुद्धीच्या दुबळेपणाचा युक्तिवाद इथे ख्रिस्ती मताविरुद्ध वापरला गेला! १८४८ मध्ये गोऱ्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि नेहेम्या हे नाव धारण केले. पुढे ‘षड्दर्शनदर्पणा’त त्यांनी हिंदू तत्त्वज्ञानाची सहाही दर्शने तर्काच्याच कसोटीवर घासली. मात्र ख्रिस्ती झाल्यानंतरही शंकांनी त्यांची पाठ सोडली नाही.