मागच्या रांगेतून पुढच्या खुर्चीत: अनोख्या वाद्यांसाठी लिहिलेल्या कॉन्चेर्तोची पार्श्वभूमी

एक वादक एका बाजूला आणि उरलेला वाद्यवृंद दुसऱ्या बाजूला, अशी मांडणी असलेल्या रचनेला पाश्चात्त्य अभिजात संगीतात कॉन्चेर्तो म्हणतात. व्हायोलिन आणि पियानो ही तिची नेहमीची नायक वाद्ये. तथापि 'नेहमीचे' आणि 'अनोखे' यांतली सीमा काळानुसार सरकत आली आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात व्हेनिसच्या पिएता या अनाथाश्रमात शिकवणाऱ्या संगीतकार विव्हाल्दीने एकट्या बासून या खर्जाच्या फुंकवाद्यासाठी पस्तीसहून अधिक कॉन्चेर्तो लिहिले. मँडोलिन, व्हिओला द'आमोरे (व्हायोलिनसारखे एक तंतुवाद्य) आणि चिमुकली बासरी यांनाही त्याने नायकाचे स्थान दिले. या आश्रमातल्या मुली नाना वाद्ये वाजवण्यात तरबेज होत्या. अनोख्या वाद्यासाठी कॉन्चेर्तो लिहिला जाण्यामागे बहुतेक वेळा एखादा हट्टी किंवा असामान्य वादकच असतो, असे या इतिहासात पुन्हापुन्हा दिसते.

कधी तो वादक राजाही असे. नेपल्सचा चौथा फर्डिनांड लिरा ऑर्गानिझाता वाजवी. हे चाक फिरवून तारा छेडण्याचे वाद्य असून त्याच्या पोटात ऑर्गनच्या छोट्या नळ्या बसवलेल्या असत. या राजासाठी संगीतकार हायडनने १७८०च्या दशकाच्या उत्तरार्धात कॉन्चेर्तो लिहिले. वाद्य पुढे प्रचारातून गेले आणि त्या रचना आता बहुधा बासरी आणि ओबोवर वाजवल्या जातात.

यापेक्षाही विलक्षण उदाहरण आल्ब्रेश्ट्सबर्गरचे आहे. पुढे बेथोव्हेनला प्रतिस्वरशास्त्र (अनेक सुरावटी एकत्र गुंफण्याचे शास्त्र) शिकवणाऱ्या या कडक शिस्तीच्या गुरूने १७६५ ते १७७१ या काळात मोरचंग, मँडोरा (ल्यूटच्या जातीचे छेडवाद्य) आणि तंतुवाद्ये यांसाठी कॉन्चेर्तो रचले. त्यांपैकी तीन आज उपलब्ध आहेत. दातांशी धरून वाजवायच्या मोरचंगाची धातूची पट्टी एकच मूळ स्वर देते. वादक तोंडाची पोकळी लहानमोठी करून त्या स्वराचे उपस्वर, म्हणजे त्याच्यासोबतच निघणारे वरचे स्वर, निवडतो. खालच्या भागात हे उपस्वर एकमेकांपासून लांब असतात आणि वर गेल्यावरच जवळ येतात, त्यामुळे सुरावट वरच्याच पट्ट्यात बांधावी लागते. मूळ स्वर बदलायचा तर हातातले वाद्यच बदलावे लागते. शिवाय आवाज इतका नाजूक की चार व्हायोलिनही त्याला सहज गिळून टाकतील. स्वर, पट्टी आणि आवाज या तिन्ही बाबतींत हात बांधलेले असताना तीन भागांची रचना उभी करणे हे निव्वळ गंमत म्हणून होणारे काम नव्हे.

व्हिएन्नाच्या दरबारी ट्रम्पेटवादक आंटोन वाइडिंगरने तर वाद्यातच फेरफार केला. साधी ट्रम्पेटही उपस्वरांवरच चाले; वाइडिंगरने तिच्या नळीला भोके पाडून त्यांवर चाव्या बसवल्या आणि खालच्या पट्ट्यातही सलग स्वर काढण्याची सोय केली. हायडनने १७९६ मध्ये त्याच्यासाठी लिहिलेल्या कॉन्चेर्तोत या सोयीचा नाट्यमय वापर आहे. वाद्यवृंदाच्या प्रस्तावनेत ट्रम्पेट मधूनच डोकावते, पण तिथे ती जुन्या ट्रम्पेटलाही जमतील इतकेच स्वर वाजवते. खरा प्रवेश होतो तेव्हा मात्र ती पायरीपायरीने, लागोपाठच्या स्वरांवरून चालू लागते. १८०० साली व्हिएन्नात हे प्रथम ऐकणाऱ्यांना त्या चार पावलांतच नवल कळले असेल. पुढे झडपांची ट्रम्पेट आली आणि चाव्यांची मागे पडली. कॉन्चेर्तो मात्र टिकला, आणि आज तो ट्रम्पेटचा सर्वांत परिचित कॉन्चेर्तो आहे.

एकोणिसाव्या शतकात पियानो आणि व्हायोलिन यांचे वर्चस्व इतके वाढले की इतर वाद्यांच्या वाट्याला फारसे काही आले नाही. विसाव्या शतकात दारे पुन्हा उघडली. १९२९ मध्ये संगीतकार शिलिंगरने थेरेमिन हे विजेवरचे वाद्य आणि वाद्यवृंद यांसाठी रचना केली आणि क्लीव्हलंडच्या वाद्यवृंदाबरोबर ती स्वतः थेरेमिनच्या जनकाने वाजवली. या वाद्याला वादक स्पर्शच करत नाही. एका अँटेनाजवळचा हात स्वराची उंची ठरवतो, तर दुसरा हात आवाजाची पातळी. पडदे नाहीत, पट्ट्या नाहीत, म्हणून तुटक आणि जलद स्वरांपेक्षा लांब, घसरती सुरावट त्याला मानवते. मूळच्या व्हायोलिनवादक असलेल्या क्लारा रॉकमोर यांनी हवेतच बोटे ठेवण्याची शिस्तबद्ध पद्धत बसवली, आणि १९४५ मध्ये संगीतकार फुलेहान यांचा थेरेमिन कॉन्चेर्तो त्यांनीच सादर केला.

१९५४ मध्ये लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राच्या सुवर्णमहोत्सवासाठी संगीतकार व्हॉन विल्यम्स यांनी ट्यूबा या पितळी फुंकवाद्याला कॉन्चेर्तो लिहून पुढे आणले. मागच्या रांगेत बसून पायाभूत स्वर धरणाऱ्या या धिप्पाड वाद्याला त्यांनी मधल्या भागात शांत, गाणारी चाल दिली. ट्यूबाकडून विनोदाचीच अपेक्षा करणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे होते.

वाद्य दुसऱ्या संगीतपरंपरेतून आले की अडचणीचे स्वरूप बदलते. १९७१ मध्ये रविशंकर यांनी वाद्यवृंद-संचालक आंद्रे प्रेव्हिन आणि लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा यांच्यासह सादर केलेल्या सतार कॉन्चेर्तोचे चार भाग खमाज, सिंधी भैरवी, अडाणा आणि मांज खमाज या रागांवर आधारलेले आहेत. सतारीचा षड्ज एकदा लागला की लागला, त्यामुळे पाश्चात्त्य रचनेचा प्राण असलेले स्वरस्थानांतर, म्हणजे मधेच आधारस्वर बदलणे, इथे करता येत नाही. शिवाय वाद्यवृंदाला प्रत्येक मात्रा लिहून हवी असते, आणि सतारीचे बळ तर उत्स्फूर्त विस्तारात असते.

लिहायचे किती आणि मोकळे सोडायचे किती, हा प्रश्न पुढे अधिकच तीव्र झाला. संगीतकार तान दुन यांनी १९९८ मध्ये पाण्याने भरलेल्या भांड्यांना नायक केले. गेब्रिएल प्रोकोफिएव्ह यांच्या टर्नटेबल (तबकड्या फिरवण्याचे यंत्र) कॉन्चेर्तोत डीजेच्या तबकडीवर त्याच वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रित आवाज असतात, म्हणजे नायक समोरच्यांचाच आवाज खरवडून, उलटा फिरवून त्यांना परत ऐकवतो. अँडी अकिहो यांच्या २०१५ च्या 'रिकोशे'मध्ये व्हायोलिन आणि तालवाद्यांच्या जोडीला टेबल टेनिसचे दोन खेळाडू आहेत. चेंडू कुठे आणि केव्हा आदळावा हे रचनेत ठरलेले असले, तरी तो चुकून जाळ्यात गेला तर वाद्यवृंद त्यांच्यासाठी थांबत नाही.