दीड सुताचा बोल्ट
नागपूरच्या इतवारीतल्या हार्डवेअरच्या दुकानात दीड सुताचा बोल्ट मागा, दुकानदार मूठभर पुडीत बांधून देईल. छोट्या विमानात ऑटोपायलटचा सर्व्हो बसवायलाही बऱ्याचदा एवढ्याच, म्हणजे ३/१६ इंच जाडीचा बोल्ट लागतो. पण तो इतवारीतला चालत नाही. मिहानच्या देखभाल केंद्रातलं बोइंग असो की हँगरमधलं चार आसनी सेसना, तिथे बोल्ट येतो तो प्रमाणपत्रासकट.

सर्व्हो म्हणजे एक छोटी मोटर. संगणक सांगेल तसा तिचा हात पुढेमागे होतो आणि त्याला जोडलेली दांडी एलेरॉन (विमान कलवणारी पंखावरची फळी) किंवा एलिव्हेटर (नाक वरखाली करणारी शेपटीवरची फळी) हलवते. याच जाडीचा विमानाचा ‘एएन३’ बोल्ट आडवा कापायला सुमारे साडेनऊशे किलोचा भार लागतो. सर्व्होचा जोर त्याच्या जवळपासही जात नाही. मग एवढी चिकित्सा कशाला? खरी भीती ढिलाईची, मेकॅनिक ज्याला ‘प्ले’ म्हणतात त्याची. सर्व्होने दिशा बदलली की हात आधी ती मोकळी जागा पार करतो, मग कुठे एलिव्हेटर हलतो. तोवर संगणकाला वाटतं, काहीच झालं नाही. तो आणखी रेटतो, आणि विमान गरजेपेक्षा जास्त वळतं. मग उलट दिशेने तेच. नाक सारखं वरखाली होत राहतं.

ढिलाईचं एक मोठं कारण म्हणजे चुकीची लांबी. बोल्टचा आटे पाडलेला भाग भोकात आला, तर ॲल्युमिनियमला टेकतात फक्त आट्यांच्या कडा. इंजिनच्या थरथराटात त्या कानशीसारख्या भोक खात बसतात. शिवाय आट्यांच्या खाचेपाशी बोल्टचं क्षेत्रफळ जवळपास एक तृतीयांशाने कमी असतं. म्हणून आटे नसलेला गुळगुळीत भाग जोडायच्या भागांच्या एकूण जाडीइतका हवा. तो जास्त लांब असला तर वेगळीच फसगत होते: नट आटे संपतात तिथे अडकतो, पान्याला घट्ट लागतो, आणि आतले भाग मात्र खुळखुळत राहतात. किरकोळ फरक वॉशरने भरून काढतात. कसल्यावर नटाबाहेर एक ते तीन आटे दिसले पाहिजेत.

‘एएन३-५ए’ हे नाव असं वाचायचं: ३ म्हणजे जाडी, इंचाच्या सोळाव्या भागांत, ५ म्हणजे साधारण पाच सूत लांबी, आणि शेवटी ए असेल तर दांड्याला पिनेचं भोक नाही. जिथे बोल्ट किंवा नट स्वतःच फिरू शकतो तिथे नायलॉनचा लॉकनट चालत नाही. भोकाचा बोल्ट, खाचांचा नट आणि कॉटर पिन (भोकातून घालून टोकं वाकवायची पिन) लागते. इंजिनजवळही नायलॉन नको, १२१ अंशांपुढे तो टिकत नाही. (नागपूरचा मे महिना त्याला सहज सोसतो, आपलं आपण बघावं!)

नुसत्या नजरेने बोल्ट जुळवला तर काय होतं, ते १९९० साली ब्रिटनमध्ये दिसलं. एका प्रवासी विमानाची समोरची काच नव्याने बसवताना ९० पैकी ८४ बोल्ट जेमतेम ०.६६ मिलिमीटर बारीक लागले होते. हवेत काच उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. नशिबाने वाचला.

सर्व्होत एक स्क्रू मात्र मुद्दाम कच्चा ठेवतात. काही सर्व्होंच्या हातात पितळी स्क्रू असतो. सर्व्हो अडकलाच तर वैमानिकाने विमान चालवायचा दांडा जोरात ओढायचा, स्क्रू तुटतो आणि दांडा मोकळा होतो. तिथे ‘मजबूत’ म्हणून पोलादी स्क्रू लावला, की वैमानिकाला अडकलेल्या मोटरशी कुस्ती खेळावी लागते.